टोपी नको, घोडा नको

डेस गेल्याचं मला आधी बातमीतून कळलं आणि मग त्याच्या मुलीकडून. दुपारची लॅब चालू होती. माझ्या शेजारी सायली बसते, पुण्याची आहे. तिने आपला फोन माझ्यासमोर धरला आणि हळूच म्हणाली, "ज्ञाना, हा तुझा घरमालक ना रे? ॲडलेडमधल्या सॉल्सबरीत राहायचा म्हणून लिहिलंय." स्क्रीनवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. फोटो कृष्णधवल, डोक्यावर कान झाकणारी काउबॉय टोपी, समोरच्या दातांत फट नाही, गालावर खळी. वर मथळा होता, 'आपला लाडका छोटा टॅड गेला'. मी खिशातून माझा फोन काढला. तो सायलेंटवर होता आणि त्यावर हेलनचा, म्हणजे डेसच्या मुलीचा मेसेज येऊन पडला होता. बाबा सकाळी गेले, हॉस्पिटलातच, शांतपणे गेले, तुला फोन लावला होता. सायलीने विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी हो म्हटलं आणि तिचाच फोन घेऊन ती बातमी खालपर्यंत वाचत गेलो. मला वाटत होतं, कुठेतरी खाली त्याचा खरा फोटो असेल. पांढऱ्या मिशांचा, डाव्या गुडघ्यावर हात टेकून उठणारा माणूस. तो नव्हता. त्या मालिकेबद्दल सहा परिच्छेद होते आणि शेवटी एक वाक्य, 'नंतर ते ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊन निवांत आयुष्य जगले.'

निवांत... डेसने चाळीसहून जास्त वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरांत फरशा बसवल्या. त्याचं पूर्ण नाव डेस्मंड क्राउली. मी त्याच्या घरी मागच्या खोलीत दोन वर्षं भाड्याने राहिलो. आई फोनवर विचारायची, "आजोबा जेवले का?" पण मी त्याला डेसच म्हणायचो. इथे तशीच पद्धत आहे, आणि त्याला दुसरं काही म्हटलेलं चाललंही नसतं.

मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा त्याने नाव विचारलं. मी सवयीने सांगितलं, "डॅनी." युनित, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, पहिल्याच आठवड्यात माझं डॅनी झालं होतं, ज्ञानेश्वर कोणाला जमत नव्हतं. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "आईबापांनी डॅनी ठेवलं?" मी म्हटलं, नाही. "मग त्यांनी ठेवलेलं सांग. माझं तोंड काय वाकडं होतं ते माझं मी बघीन." दोन दिवस तो चहा करताना, कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना माझं नाव पुटपुटत होता. तिसऱ्या दिवशी त्याला ते आलं. जरा जड यायचं, पण पूर्ण यायचं. या देशात मला पूर्ण नावाने हाक मारणारा तो एकटाच गोरा माणूस होता. त्या वेळी मला तो नुसता चांगुलपणा वाटला.

तो टीव्हीवर काम करायचा हे मला त्याच्याकडून नाही, शेजारच्या बाईंकडून कळलं. कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे का तू कोणाकडे राहतोस?" आणि लगेच दोन्ही अंगठे पट्ट्यात खोवून, लहान मुलाचा आवाज काढून म्हणाल्या, "आय एन्ट स्केअर्ड, मिस्टर." मी नाही घाबरत, मिस्टर. अमेरिकेत त्या काळी काउबॉयच्या मालिका चालायच्या. त्यातल्या एका मालिकेत डेस टॅड नावाचं अनाथ पोर झाला होता आणि प्रत्येक भागात एकदा हे वाक्य म्हणायचा. मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याने ते माझ्यासमोर कधी घेतलं नाही.

पडद्यामागच्या गोष्टी मात्र तो सांगायचा. विचारलं तर नाही, हातात काही काम असलं की सांगायचा. मटार सोलता सोलता म्हणायचा, टॅडचा तो लाडका घोडा म्हणजे तीन घोडे होते. एक पळणारा, एक उभा राहणारा आणि एक चावणारा. चावणारा दिसायला सगळ्यांत देखणा, म्हणून जवळून फोटो त्याच्यासोबत. डेसला घोड्यांची भयंकर भीती वाटायची. मग चेहऱ्याचे शॉट लाकडी पिंपावर खोगीर बांधून घ्यायचे, दोन माणसं खालून पिंप हलवायची. पांढरे कपडे त्या कॅमेऱ्यात भगभगायचे म्हणून सगळ्यांचे शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून काढायचे, त्यामुळे दिवसभर अंगाला चहाचा वास. दुधाचे दात पडले तेव्हा दोन खोटे दात करून वरून बसवले, कारण पुढच्या भागात टॅडला दात होते. जेवताना काढायचे, शॉटला लावायचे. एकदा ते गिळले तर अख्खं युनिट थांबलं, आणि पोराला काही झालं का हे विचारण्याआधी दिग्दर्शकाने विचारलं, दुसरी जोडी आहे का. मी हसायचो. डेसही हसायचा. मग पुढची गोष्ट तो त्याच सुरात सांगायचा आणि मला हसायचं की नाही ते कळायचं नाही.

तो वाढायला लागला, ती गोष्ट तशी होती. टॅडने लहान राहायला हवं होतं. मग दर वर्षी सेटवरचे सुतार टेबल, खुर्ची, पलंग थोडे मोठे करून बनवायचे, दाराची कडी जरा वर सरकवायचे, म्हणजे पोरगा तेवढाच दिसेल. "मला वाटायचं, मी वाढतच नाहीये," तो म्हणाला. "घरी गेलं की खुर्ची लहान आणि कामावर आलं की मोठी. खरी कुठली ते कळेना." आवाज फुटला तेव्हा मात्र सुतारांचं काही चाललं नाही. त्याला काढल्याचं कोणी त्याला सांगितलं नाही. पुढच्या भागात कोणीतरी खानावळीत बसून म्हणतं, टॅडला शिकायला पूर्वेकडे शाळेत पाठवलं, आणि बाकीचे म्हणतात, चांगलं झालं. तेवढंच. त्याला घरी टीव्हीसमोर बसून ते कळलं. खऱ्या आयुष्यात शाळा अशी तोवर त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. सेटवर एक मास्तरीण असायची, दोन शॉटच्या मध्ये ती दहा-दहा मिनिटं गणित घ्यायची, घंटा वाजली की वही बंद. मी सेमिस्टरचे मार्क सांगायला गेलो की तो सगळं काम ठेवून ऐकायचा. माझ्या घरात मीच पहिला कॉलेजात गेलेला. तो म्हणायचा, "म्हणजे टॅड गेला ती शाळा तुझी होय."

आईची गोष्ट त्याने एकदाच सांगितली. रडण्याचा प्रसंग होता आणि याला रडू येत नव्हतं. दिग्दर्शक त्याच्या आईपाशी जाऊन काहीतरी बोलला. ती उठली, गाडीत बसली आणि फाटकाबाहेर निघून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तो धावला, रडला, कॅमेरा चालूच होता. "दुसऱ्या वेळी मला माहीत होतं, गाडी पाण्याच्या टाकीमागे थांबते," डेस म्हणाला. "तरी रडू आलंच. मग त्यांना ते सोयीचं पडलं..."   

आईने पुढे एका ऑस्ट्रेलियन माणसाशी लग्न केलं आणि ते इकडे आले. डेस खूश होता, कारण इथे आपल्याला कोणी ओळखणार नाही. ॲडलेडमधल्या पहिल्याच आठवड्यात तो मासे आणि चिप्स आणायला दुकानात गेला, तर काउंटरवरच्या टीव्हीत तोच घोड्यावर बसलेला. इथे मालिका नुकती सुरू झाली होती. नव्या शाळेत मुलं त्याला मैदानात घेरायची आणि ते वाक्य म्हणायला लावायची. नाही म्हटलं की मारायची. वर्षभरात शाळा सुटली आणि तो एका ग्रीक फरशीवाल्याच्या हाताखाली लागला. तिथे मान खाली घालून काम करायचं असतं, तोंड कोणाला दिसत नाही. हे त्यानेच सांगितलेलं कारण.

माझे बाबाही फरशीवाले आहेत. बार्शीत आणि आसपास शहाबादी, कोटा, आता टाईल्स, जे मिळेल ते बसवतात. हे डेसला कळलं तेव्हा तो ताडकन खुर्चीतून उठला आणि उठल्याचा त्याच्या गुडघ्याला त्रास झाला. "आणि हे तू मला आत्ता सांगतोस? फोन लाव त्यांना." मी व्हिडिओ कॉल लावला. बाबा साइटवर होते, मागे सिमेंटची पोती. दोघांनी एकमेकांना हात केले आणि मग काय बोलावं ते कोणालाच सुचेना. शेवटी डेसने पॅन्ट वर केली आणि गुडघा कॅमेऱ्यापुढे धरला. घट्टा पडलेला, काळपट, जुन्या चामड्यासारखा. बाबांनी लगेच फोन कोणाकडे तरी दिला आणि आपलं धोतर वर करून त्यांचे दोन्ही दाखवले. "त्याला म्हणावं, माझा उजवा जास्त गेलाय." मी सांगितलं. डेस म्हणाला, "माझा डावा. म्हणजे तुझे बाबा डावरे असणार." बाबा डावरेच आहेत. ते इतके हसले की फोन धरणाऱ्यालाही हसू आलं आणि फोन हलायला लागला. मग म्हणाले, "इचार त्याला, न्हाणीचा ढाळ किती काढतो? हितं लोकं ढाळच काढत न्हाईत, पाणी सारं दारात." मला ढाळ इंग्रजीत कसं सांगायचं ते येईना, मी हात तिरका करून दाखवला. डेसला कळलं. त्याने किचनमध्ये पाणी सांडून दाखवलं आणि ते कुठून कुठे पळत गेलं ते फोनने बाबांना दाखवलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. "ह्याला काम येतंय," ते मला म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा कॉल असायचा. मध्ये मी दुभाष्या, पण बऱ्याचदा माझी गरज लागायची नाही. त्या कॉलवर टॅडचा विषय कधी निघाला नाही. बाबांना टॅड माहीतच नव्हता. डेस एकदा म्हणाला, "मला फक्त फरशीवाला म्हणून ओळखणारा जगात हा एकच माणूस आहे."

हेलनने त्याला गेल्या वर्षी एका गावी नेलं. तिथे जुन्या काउबॉय मालिकांच्या चाहत्यांचा मेळावा होता. गाडीत मीही होतो. हेलन शिक्षिका आहे, मनाने चांगली, वडिलांचा तिला अभिमान आहे. लहानपणी शाळेत ती टॅडची मुलगी होती आणि तिच्यासाठी ते सुख होतं. ती सारखी म्हणत होती, "बाबा, लोक तुमच्यासाठी लांबून आलेत. एकदा फक्त म्हणा." लोकांनी त्याला एका लाकडी घोड्यावर बसवलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला. निवेदकाने टॅड म्हणूनच ओळख करून दिली आणि माइक पुढे केला. डेस म्हणाला, "माझं नाव डेस्मंड. मी टाइलर होतो. बाथरूमविषयी काही प्रश्न असतील तर विचारा." लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. मग सगळा तंबू एका सुरात ते वाक्य म्हणायला लागला, आणि ते थांबेनात म्हणून शेवटी त्याने ते म्हटलं. टोपी घातलेला एक मोठा माणूस त्याच्या गळ्यात पडून रडला. "तू माझं बालपण होतास, mate." परतताना गाडीत डेस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्याचं बालपण फार छान दिसतंय." हेलनला ते बरं वाटलं. मला नाही.

हिवाळ्यात आजाराचं निदान झालं. एका सकाळी तो किचनमध्ये टेबलाशी बसला होता, मी युनिला निघालो होतो. म्हणाला, "ज्ञानेश्वर, एक काम आहे. त्या दिवशी टोपी नको. घोडा नको. तो पोरगा नको. मी टाइलर होतो एवढंच सांगायचं." मी म्हटलं, हे हेलनला सांग. तो म्हणाला, "तिच्याकडे बापाचं म्हणून तेवढंच आहे. ते मी कसं काढून घेऊ?" मग म्हणाला, "तू सांग. मी गेल्यावर. तेव्हा मी तिला काही काढून घेताना दिसणार नाही." मला वाटलं, हे बरोबर नाही, पण मी हो म्हटलं. ऑपरेशनला आत नेताना एका वयस्कर नर्सने त्याला ओळखलं. ती आनंदून म्हणाली, "म्हणा ना एकदा, आम्हाला धीर येईल." त्याने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, औषधाचा अंमल चढला.

तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी हेलनच्या घरी गेलो आणि सांगितलं. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, तिथे सगळी अडखळली. ती अंत्यविधीसाठी फोटो निवडत होती. सगळे टॅडचे. ती म्हणाली, "त्यांनी तुला सांगितलं? मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. "आता वाटत नाहीये?" ती म्हणाली. मग बराच वेळ ती फोटो इकडचे तिकडे करत राहिली. "तू दोन वर्षं होतास. मी जन्मापासून आहे. घरी यायचे, अंघोळ करायचे, झोपायचे. फरशांबद्दल माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचा तो टॅडच, टीव्हीतला. मी दुसरं कोणाला दाखवू?"   तिने मला दोन मिनिटं बोलायला दिली. बाकी तिने ठरवलं होतं तसंच झालं.

शवपेटीवर टोपी होती. ती मूळची टोपी नव्हती, एका चाहत्याने पाठवलेली होती. मी उठून सांगितलं, की डेस्मंड क्राउली हा फरशी बसवणारा कारागीर होता, त्याने बसवलेल्या न्हाणीत पाणी कधी साचलं नाही, आणि त्याला याच नावाने आठवलेलं आवडलं असतं. लोकांनी नम्रपणे ऐकून घेतलं. मग दिवे मंद झाले, पडद्यावर तो पोरगा आला, खोटे दात दाखवून हसला आणि म्हणाला, "आय एन्ट स्केअर्ड, मिस्टर." सगळं सभागृह हसलं, काही जण रडले, आणि मग टाळ्या पडल्या. त्याच्याच अंत्यविधीत. मी हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो. बार्शीहून बाबा फोनवर बघत होते. नंतर त्यांनी विचारलं, "ते पोरगं कोण होतं?"

बाहेर चहाच्या टेबलापाशी एक म्हातारा ग्रीक माणूस माझ्याजवळ आला. थिओ. डेस ज्याच्या हाताखाली लागला त्या फरशीवाल्याचा मुलगा, पुढे दोघांनी मिळून कामं घेतली. "तू फरशांचं बोललास. बरं केलंस," तो म्हणाला. "मॉसन लेक्सच्या युनित आहेस ना? मग जुन्या इमारतीचा तळमजला बघितला असशील. आमचा आहे. बराचसा त्याचाच." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तिथून तर मी रोज जातो. थिओ हसला. "त्याने सांगितलं नाही? मला तर दर भेटीत म्हणायचा, फरशीवाल्याचा पोरगा आणि रोज माझ्या कामावरून चालतो, अजून एकदासुद्धा खाली बघितलं नाही त्याने. बघू म्हणाला, कधी कळतं ते."

पुढच्या सोमवारी मी लेक्चरच्या आधी तिथे गेलो. कॉरिडॉरच्या तोंडाशी पिवळी फीत लावली होती. आत दोन कामगार राखाडी रंगाच्या व्हिनाइल पट्ट्या अंथरत होते, अर्धा कॉरिडॉर झाकून झाला होता. उरलेल्या भागात तांबूस फरशी दिसत होती. मी गुडघ्यावर बसलो आणि सांध्यांवरून तळवा फिरवला, बाबा फिरवतात तसा. कुठेही कड हाताला लागली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांधे दोरी धरल्यासारखे सरळ गेले होते, आणि दाराकडे इतका हलका ढाळ होता की शोधणाऱ्यालाच कळावा. त्यातला तरुण कामगार म्हणाला, "यू राइट, mate? काही हवंय का? इथून जाता येणार नाही." मी विचारलं, ही जुनी काढत का नाही? त्याने कपाळ पुसलं. "काढणार होतो. दोन दिवस मशीन लावलं, चार फरशा निघाल्या आणि त्याही तुकड्यांनी. ज्याने कोणी बसवली आहे ना, त्याने ती निघू नये अशीच बसवली आहे. मग साहेब म्हणाले, झाकून टाका वरून."

मी म्हटलं, "डेस्मंड क्राउली."

"कोण?"

"फरशीवाला होता," मी सांगितलं. "टाइलर."

त्याने कौतुकाने एकदा त्या फरशीकडे बघितलं, मान डोलावली आणि गोंदाचा डबा पुढे सरकवला. मी उठून बाजूला झालो. त्याला पुढची रांग घ्यायची होती.